घटक ६ : अवधान-अस्थिर व अतिचंचल बालकांसाठी सामाजिक कौशल्यांचे गट-समुपदेशन

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –

● अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकाराची (एडीएचडी) प्रमुख लक्षणे सांगता येतील.
● 'ठाऊक नसणे' आणि 'ठाऊक असूनही वेळेवर न घडणे' यांतील फरक स्पष्ट करता येईल.
● सामाजिक कौशल्यांच्या गट-समुपदेशनाची रचना व एका सत्राचा आराखडा तयार करता येईल.
● गटात शिकलेले वर्तन शाळेत, घरी व खेळात उतरावे यासाठी कोणती योजना करावी लागते, हे विशद करता येईल.
● समुपदेशकाच्या मर्यादा ओळखून बालकास योग्य ठिकाणी पाठविता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण व्यक्तिगत समुपदेशनाची तत्त्वे अभ्यासली. प्रस्तुत घटकात आपण अशा बालकांचा विचार करणार आहोत, की ज्यांची अडचण एकट्याने बसून बोलल्याने पुरेशी सुटत नाही. कारण ती चारचौघांत, खेळात, रांगेत आणि वर्गातच उद्भवते.

प्रारंभी एक उदाहरण पाहू. हे उदाहरण अध्ययनाच्या सोयीसाठी रचलेले आहे. ते कोणा विशिष्ट बालकाचे नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरील घोटी (ता. इगतपुरी, जि. नाशिक) या गावाच्या परिसरातील प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गात एक नऊ वर्षांचा मुलगा आहे. शालेय पोषण आहाराच्या रांगेत तो मध्येच घुसतो. लगोरीच्या खेळात दुसऱ्याची पाळी असतानाच चेंडू हिसकावून घेतो. बाई प्रश्न पूर्ण करण्याआधीच उत्तर ओरडून सांगतो. घरीही जेवताना तो चार वेळा ताटावरून उठतो. बाईंनी त्याला जवळ घेऊन विचारले, "रांग का पाळायची?" त्याने अचूक उत्तर दिले, "सगळ्यांना मिळावं म्हणून." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा रांगेत घुसला. बाईंना वाटले, हा मुद्दाम करतो. वर्गातील मुले म्हणू लागली, "तू आमच्यात नको." आता मधल्या सुट्टीत तो व्हरांड्यात एकटाच असतो.

या मुलाला नियम ठाऊक आहे. तरीही तो का मोडतो? आणि त्याला पुन्हा खेळात कसे घेता येईल? या दोन प्रश्नांच्या उत्तरांभोवती हा घटक रचलेला आहे.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ विकाराचे स्वरूप

लक्ष न टिकणाऱ्या व सतत हालचाल करणाऱ्या बालकांची नोंद वैद्यकशास्त्राने बऱ्याच काळापासून घेतलेली आहे. १९०२ साली लंडन येथे जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने आपल्या व्याख्यानांत अशा बालकांचे वर्णन केले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत १९६८ साली 'बालपणीची अतिचंचल प्रतिक्रिया' या स्वरूपात त्याचा समावेश झाला. १९८० साली भर अवधानाच्या न्यूनतेकडे वळला आणि १९८७ साली आजचे प्रचलित नाव रूढ झाले.

२०१३ च्या पाचव्या आवृत्तीनुसार या विकाराची लक्षणे दोन गटांत मांडलेली आहेत.

(अ) अवधान-न्यूनता : काम अर्धवट सोडणे, वस्तू हरविणे, सूचना ऐकूनही विसरणे, बारकाव्यांकडे दुर्लक्ष होणे.

(आ) अतिचंचलता व आवेगशीलता : एका जागी न बसणे, अति बोलणे, पाळीची वाट न पाहता येणे, इतरांच्या बोलण्यात वा खेळात मध्येच शिरणे.

बालकांच्या बाबतीत यांपैकी एका गटातील (किंवा दोन्ही गटांतील) किमान सहा लक्षणे, किमान सहा महिने, वयाच्या मानाने अधिक प्रमाणात दिसावी लागतात. त्यांपैकी काही लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी आढळावी लागतात. शिवाय ती घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात व त्यांमुळे बालकाच्या जीवनात प्रत्यक्ष अडथळा निर्माण व्हावा लागतो. केवळ एका शिक्षकाच्या तासाला चुळबुळ करणारे मूल या व्याख्येत बसत नाही, हे आपण लक्षात ठेवावे.

जगातील विविध अभ्यासांचा एकत्रित विचार करता शालेय वयातील सुमारे ५ टक्के बालकांत हा विकार आढळतो, असे मानले जाते. मुलींमध्ये पुष्कळदा केवळ अवधान-न्यूनता दिसते. अशी मुलगी कोणाला त्रास देत नाही. म्हणून ती 'मंद' किंवा 'आपल्याच तंद्रीत असणारी' ठरते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

६.३.२ ज्ञानातील उणीव व कृतीतील उणीव

आता आपल्या उदाहरणातील पहिल्या प्रश्नाकडे वळू. सामाजिक वर्तनातील उणीव दोन प्रकारची असू शकते. एखाद्या बालकास योग्य वर्तन कोणते, हेच ठाऊक नसते. ही ज्ञानातील उणीव होय. ती शिकवून भरून काढता येते. दुसऱ्या बालकास योग्य वर्तन ठाऊक असते, परंतु नेमक्या क्षणी ते हातून घडत नाही. ही कृतीतील उणीव होय. रसेल बार्कली या मानसशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले, की एडीएचडी असलेल्या बालकांची अडचण मुख्यतः दुसऱ्या प्रकारची असते. मनात आलेली ऊर्मी क्षणभर रोखून धरण्याची, म्हणजेच आत्मनियमनाची क्षमता त्यांच्यात वयाच्या मानाने मागे राहिलेली असते. म्हणून उपाय हा कृती घडण्याच्या जागी आणि कृती घडण्याच्या वेळी असला पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे.

या विवेचनाचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. आपल्या उदाहरणातील बाईंनी नियम समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी मुलास जे आधीच ठाऊक होते, तेच पुन्हा दिले. उपदेश वाढविला, तर त्याच्या पदरी अपराधी भावना वाढेल. रांग पाळण्याची क्षमता वाढणार नाही.

६.३.३ समवयस्कांचे मत

दुसरी बाब समवयस्कांची. वर्गातील मुलांचे एखाद्याविषयीचे मत लवकर बनते आणि सावकाश बदलते. एकदा 'हा खेळ मोडणारा' असा शिक्का बसला, की त्या मुलाची चूक सर्वांना दिसते आणि त्याने पाळलेली रांग कोणालाच दिसत नाही. ज्याला खेळात घेतले जात नाही, त्याला खेळातून मिळणारा सरावही मिळत नाही. म्हणजे ज्या बालकाला सरावाची सर्वाधिक गरज आहे, त्यालाच तो सर्वांत कमी लाभतो. अमोरी मिकामी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने असे सुचविले आहे, की केवळ त्या बालकाला कौशल्ये शिकवून भागत नाही. वर्गातील इतर मुलांनी त्याला सामावून घ्यावे, यासाठीही शिक्षकाने प्रयत्न करावे लागतात. "परत तूच का?" हे शिक्षकाचे चारचौघांतील वाक्य वर्गातील प्रत्येक मुलाने ऐकलेले असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
योग्य की अयोग्य ते सांगा.
(१) एडीएचडीचे निदान होण्यासाठी लक्षणे केवळ शाळेत दिसणे पुरेसे असते.
(२) रांगेचा नियम सांगता येऊनही रांग न पाळता येणे, ही कृतीतील उणीव होय.
(३) अवधान-न्यूनता असलेली शांत मुलगी दुर्लक्षित राहण्याची शक्यता असते.

६.३.४ गट-समुपदेशन : संशोधन काय सांगते?

बालकांसाठी गटाचा उपयोग नवा नाही. न्यूयॉर्क येथे सॅम्युएल स्लाव्हसन यांनी १९३४ साली मुलांना एकत्र जमवून, कृती व खेळ यांच्या आधारे गटोपचारास आरंभ केला. पुढे आल्बर्ट बांदुरा यांच्या सामाजिक अध्ययनाच्या उपपत्तीमुळे 'नमुना पाहणे, करून पाहणे, प्रत्याभरण मिळविणे' हा क्रम रूढ झाला. आजची बहुतेक सामाजिक कौशल्य-प्रशिक्षणे याच क्रमाने चालतात.

तथापि, अभ्यासकाने या पद्धतीकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. एडीएचडी असलेल्या बालकांच्या सामाजिक कौशल्य-प्रशिक्षणाविषयीच्या २५ नियंत्रित प्रयोगांचा कॉक्रन संस्थेने २०१९ साली आढावा घेतला. त्यात शिक्षकांच्या मूल्यांकनानुसार बालकांच्या सामाजिक कौशल्यांत म्हणावा तसा फरक आढळला नाही; उपलब्ध पुराव्याचा दर्जाही कमी असल्याचे त्यात नमूद आहे.

मग हा घटक अभ्यासावा कशासाठी? मागील विवेचन आठवल्यास या निष्कर्षाचे एक संभाव्य कारण आपणच सांगू शकाल. बंद खोलीत, अनोळखी मुलांबरोबर, आठवड्यातून एक तास दिलेले प्रशिक्षण मुख्यतः ज्ञानाची उणीव भरते. खोलीत शिकलेले मैदानावर आपोआप उतरत नाही. शिक्षणशास्त्रात यास अध्ययन-संक्रमणाचा प्रश्न म्हणतात. म्हणून गट घ्यावयाचा, तर तो बालकाच्या रोजच्या सवंगड्यांसह, रोजच्या खेळांतून, शिक्षक व पालक यांना सहभागी करूनच घ्यावा, हे या घटकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

हा विचार महाराष्ट्राला परका नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे आदिवासी बालकांसाठी काम केले. मुले शाळेत येऊ शकत नाहीत, कारण ती गुरे राखतात, हे पाहून तेथे 'कुरणशाळा' सुरू झाली. शाळाच मुलांकडे कुरणावर गेली. त्या प्रयोगाचा एडीएचडीशी संबंध नव्हता. परंतु मूल जेथे आहे तेथे शिक्षणाने जावे, हे त्यामागील सूत्र आपणांस येथे तंतोतंत लागू पडते.

६.३.५ गटाची रचना

(१) सदस्य : पाच ते सहा मुले पुरेत. त्यांपैकी दोन किंवा तीन मुलांना ही अडचण असावी; उर्वरित मुले त्याच वर्गातील, समंजस व खेळकर असावीत. वर्तनसमस्या असलेलीच मुले एकत्र आणल्यास ती एकमेकांच्या गैरवर्तनास हसून दाद देतात व ते वाढते, असा इशारा थॉमस डिशियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली किशोरवयीन मुलांच्या गटांसंबंधी दिला होता. मिश्र गटाचा दुसरा लाभ असा, की त्यात सवंगड्यांचे मतही बदलू लागते.

(२) वय : सदस्यांच्या वयांत दोन वर्षांहून अधिक अंतर नसावे.

(३) कालावधी : आठवड्यातून एकदा पाऊण ते एक तास, याप्रमाणे दहा ते बारा सत्रे ठेवावीत.

(४) वेळ व स्थळ : स्थानिक जीवनक्रम पाहून ठरवावे. इगतपुरी तालुका अतिपावसाचा आहे. पावसाळ्यात मैदान कित्येक दिवस वापरता येत नाही. मुले वर्गात व व्हरांड्यात कोंडली जातात आणि चंचल मुलांविषयीच्या तक्रारी नेमक्या त्याच वेळी वाढू शकतात. म्हणून बैठे व व्हरांड्यात खेळता येतील असे खेळ आधीच निवडून ठेवावेत. भाताच्या आवणीच्या व सोंगणीच्या दिवसांत, तसेच आठवडे बाजाराच्या दिवशी पालकसभा ठेवू नये. पालक आले नाहीत म्हणजे त्यांना आस्था नाही, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी आपण कोणता दिवस निवडला होता, हे पाहावे.

(५) नाव : गटाचे नाव 'खेळगट' यासारखे साधे असावे. नावात आजाराचा उल्लेख नसावा. लहान गावात सर्व जण एकमेकांस ओळखतात. तेथे एका शब्दानेही मुलावर कायमचा शिक्का बसू शकतो.

(६) नियम : तीनच असावेत व ते 'काय करावे' या स्वरूपात चित्रांसह लिहावेत. उदा., 'पाळी आली की बोलू', 'हात आपल्याजवळ ठेवू', 'हरलो तरी खेळात राहू'.

६.३.६ एका सत्राचा आराखडा

विषय : पाळी येईपर्यंत थांबणे. वेळ : ५० मिनिटे.

(१) स्वागत व मागील आठवड्याचा अनुभव (१० मिनिटे) : प्रत्येकाने एकच प्रसंग सांगावा. बोलणाऱ्याच्या हातात चेंडू असावा. चेंडू ज्याच्याकडे, त्यानेच बोलावे. पाळी दिसू लागली, की ती पाळणे सोपे जाते.

(२) नमुना (५ मिनिटे) : दोन प्रौढांनी रांगेचा प्रसंग आधी चुकीच्या व मग योग्य रीतीने करून दाखवावा. योग्य रीत दाखविताना मनातील विचार मोठ्याने बोलावा : "मला घाई झाली आहे. मी हात मागे बांधतो. पुढे दोघे आहेत, मग मी."

(३) भूमिकाभिनय (१० मिनिटे) : मुलांनी तोच प्रसंग करावा. अडचण असलेल्या मुलास एकदा रांगेत घुसणाऱ्याची नव्हे, तर ज्याच्यापुढे कोणी घुसले त्याची भूमिका अवश्य द्यावी.

(४) खेळ (१५ मिनिटे) : 'शिवाजी म्हणतो' हा आपल्या परिचयाचा खेळ ऊर्मी रोखण्याचा उत्तम सराव आहे. 'शिवाजी म्हणतो' असे शब्द आधी आले, तरच कृती करावयाची, अन्यथा थांबावयाचे. मात्र यात एक बदल करावा. प्रचलित नियमाप्रमाणे चुकणारा बाद होतो. असे केल्यास ज्याला सरावाची गरज आहे, तोच प्रथम बाद होऊन सर्वाधिक वेळ बाजूला बसेल. म्हणून बाद करण्याचा नियम वगळावा व सर्वांनी मिळून किती वेळा बरोबर थांबलो, याची मोजणी करावी. याच रीतीने 'चिमणी उड, कावळा उड', 'मामाचे पत्र हरवले' व पाऊस उघडल्यावर लगोरी हे खेळ वापरता येतात.

(५) प्रबलन व समारोप (१० मिनिटे) : योग्य कृती घडताच, त्याच क्षणी, कृतीचे नाव घेऊन शाबासकी द्यावी. "छान" असे मोघम न म्हणता "तू दोघांना आधी जाऊ दिलेस" असे म्हणावे. सोबत एक चिंचोका गटाच्या बरणीत टाकावा. बरणी भरली, की साऱ्या गटाने आवडता खेळ निवडावा. बक्षीस गटाचे असल्याने एकाच्या थांबण्याचा आनंद सर्वांना होतो. चूक झाली म्हणून बरणीतील चिंचोके काढून घेऊ नयेत. तसे केल्यास मुले पुन्हा त्याच मुलावर राग काढतील.

६.३.७ गटाबाहेरील योजना

सत्र संपल्यानंतरच खऱ्या कामास आरंभ होतो. पुढील तीन योजना आवश्यक आहेत.

शाळेत : रांग लावण्यापूर्वी, म्हणजे चूक होण्याआधी, शिक्षकाने ठरलेली एक खूण करावी, उदा., हात मागे बांधून दाखविणे. चूक झाल्यानंतरच्या दहा वाक्यांपेक्षा आधीची एक खूण अधिक उपयोगी पडते. त्या मुलास वर्गास उपयोगी पडणारे, हालचालीचे काम द्यावे व त्याने ते केल्याचे वर्गासमोर सांगावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे, हेही येथे स्मरणात ठेवावे.

घरी : पालकांना दर आठवड्यास एकच काम सांगावे. "ताटावरून उठू नकोस" असे म्हणण्याऐवजी "पोळी संपेपर्यंत बस, मग पाणी आणायला ऊठ" असा छोटा टप्पा द्यावा. आईने मुलाला बिघडविले, हा आरोप अनेक घरांत होतो. हा विकार मेंदूच्या विकासाशी निगडित असून त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांनाही समजावून सांगावे.

मैत्रीत : संपूर्ण वर्गाची पसंती मिळविणे हे प्रारंभीचे ध्येय नसावे. एक मित्र मिळणे, हे ध्येय पुरेसे आहे. आठवड्यातून एकदा एका सवंगड्यास घरी बोलवावे, खेळ आधी ठरवावा, जवळ मोठे माणूस असावे आणि भांडण होण्यापूर्वीच, तासाभराने, खेळ थांबवावा.

प्रगतीची नोंद साधी ठेवावी. मधल्या सुट्टीत दहा मिनिटे निरीक्षण करून मूल किती वेळ इतरांसोबत खेळले व किती जणांनी त्याला हाक मारली, हे पहिल्या, सहाव्या व शेवटच्या आठवड्यात लिहावे.

६.३.८ मर्यादा व पुढील साहाय्य

निदान करणे हे समुपदेशन-सहायकाचे काम नव्हे. ऐकू कमी येणे, दृष्टिदोष, अपुरी झोप, अपस्माराचे काही प्रकार, अध्ययन-अक्षमता किंवा घरातील हिंसा यांमुळेही मूल चंचल वा हरवलेले दिसू शकते. म्हणून प्रथम तपासणी व्हावी. २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शासकीय शाळांत वर्षातून एकदा तपासणी करतात. त्यांच्या यादीत हा विकारही समाविष्ट आहे. तालुक्यातील गट साधन केंद्राशी संपर्क साधल्यास विशेष शिक्षकांचे मार्गदर्शन घेता येते. 'टेली-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनेही सल्ला मिळतो.

औषधांविषयीचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञ वा बालरोगतज्ज्ञ व पालक यांचा असतो. अमेरिकेत ५७९ बालकांवर झालेल्या व १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मूळ लक्षणे कमी करण्यात काळजीपूर्वक दिलेली औषधे केवळ वर्तनोपचारापेक्षा अधिक प्रभावी ठरली होती. म्हणून 'गोळ्या नकोतच' किंवा 'गोळ्यांनीच भागेल' अशी दोन्ही टोके समुपदेशकाने टाळावीत.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) गट मिश्र का असावा?
(२) 'शिवाजी म्हणतो' या खेळातील बाद होण्याचा नियम का वगळावा?
(३) शिक्षकाने खूण केव्हा करावी?

६.४ सारांश

एडीएचडी असलेल्या बालकास सामाजिक नियम पुष्कळदा ठाऊक असतात. ते नेमक्या क्षणी पाळण्याची क्षमता मागे राहिलेली असते. म्हणून केवळ उपदेश किंवा केवळ खोलीतील प्रशिक्षण अपुरे पडते. रोजच्या सवंगड्यांचा छोटा मिश्र गट, परिचित खेळ, तत्काळ प्रबलन आणि शाळा व घर येथील पूर्वसूचना यांच्या साहाय्याने शिकलेले वर्तन प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता वाढते. सवंगड्यांची व मोठ्यांची दृष्टी बदलणे हा समुपदेशनाचाच भाग आहे. घटकाच्या प्रारंभी व्हरांड्यात एकट्या राहिलेल्या मुलास कोणी एकाने "चल, तुझी पाळी" अशी हाक मारली, तर ते या कामाचे पहिले यश मानावे.

६.५ पारिभाषिक शब्द

आवेगशीलता – मनात येताच, परिणामांचा विचार होण्यापूर्वी कृती घडणे.
आत्मनियमन – ऊर्मी रोखून प्रसंगानुरूप वागण्याची क्षमता.
प्रबलन – योग्य वर्तनानंतर लगेच मिळणारा, ते वर्तन दृढ करणारा प्रतिसाद.
प्रत्याभरण – केलेल्या कृतीविषयी कर्त्यास दिलेली माहिती.
अध्ययन-संक्रमण – एका ठिकाणी शिकलेल्याचा दुसऱ्या ठिकाणी उपयोग होणे.

६.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) अयोग्य (२) योग्य (३) योग्य

प्रश्न २ : (१) गैरवर्तनास परस्परांची दाद मिळू नये व सवंगड्यांचे मत बदलावे, म्हणून गट मिश्र असावा. (२) ज्याला सरावाची गरज अधिक, तोच प्रथम बाद होऊन सरावास मुकतो, म्हणून तो नियम वगळावा. (३) चूक घडण्यापूर्वी, कृतीच्या जागीच खूण करावी.

६.७ स्वाध्याय

(१) 'ज्ञानातील उणीव' व 'कृतीतील उणीव' यांतील फरक स्वतःच्या परिसरातील उदाहरणांनी स्पष्ट करा.
(२) 'हरलो तरी खेळात राहू' या विषयावर ५० मिनिटांच्या सत्राचा आराखडा तयार करा.
(३) सामाजिक कौशल्य-प्रशिक्षणाविषयीच्या संशोधनाचा निष्कर्ष सांगून त्यावरून गटाच्या रचनेत कोणते बदल सुचतात, ते लिहा.

६.८ क्षेत्रीय कार्य

मुख्याध्यापकांची अनुमती घेऊन जवळच्या प्राथमिक शाळेत मधल्या सुट्टीत तीन दिवस, प्रत्येकी दहा मिनिटे निरीक्षण करा. कोणते मूल खेळाबाहेर राहते, ते खेळात शिरण्याचा प्रयत्न कसा करते व इतर मुले काय प्रतिसाद देतात, याची नोंद करा. नोंदीत कोणाचेही नाव लिहू नका व कोणत्याही मुलाला विकाराचे नाव देऊ नका. आपली नोंद संपर्कसत्रात समंत्रकांसमोर मांडा.